मॅक्स थायलर आणि पिवळ्या तापाची लस

व्यापाराच्या किंवा नोकरीच्या निमित्ताने नैरोबीला निघालेला कोणी माणूस तुमच्या नात्यात अगर शेजारात असेल, तर त्याच्या पासपोर्टाबरोबर एक लहानसे पिवळे पुस्तक ठेवलेले तुम्ही पाहिले असेल. पिवळ्या तापाची, म्हणजेच पीतज्वराची, लस टोचून घेतली असल्याचा तो दाखला. ही लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते. परत येताना हा दाखला जवळ नसला, तर मुंबईच्या विमानतळावर आरोग्य खात्याचे अधिकारी त्या माणसाला अडवू शकतात आणि सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात. मग तो कितीही ठणठणीत असो, आणि घरची माणसे हार घेऊन बाहेर उभी असोत.

आता गंमत पाहा. पिवळा ताप हा रोग आपल्या देशात नाही. तो आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत आहे. जो रोग आपल्याकडे नाहीच, त्याच्यासाठी एवढी कडक चौकी कशाला? याचे उत्तर फार लांब शोधायला नको. ते तुमच्या गच्चीवरच्या उघड्या पिंपात आहे, खिडकीतल्या कुंडीखालच्या बशीत आहे, अंगणात पडलेल्या जुन्या टायरमध्ये आहे. पिवळा ताप पसरवणारा डास, एडिस इजिप्ती, पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा, तो आपल्याकडे घरोघर आहे. डेंग्यू पसरवतो तोच हा. तेव्हा गाडी तयार आहे, रस्ता तयार आहे, फक्त उतारू आलेला नाही. तो येऊ नये म्हणून ही चौकी.

या चौकीच्या हातात जे हत्यार आहे, ती लस, ती ज्याने तयार केली त्या मॅक्स थायलर नावाच्या शास्त्रज्ञाची हकिकत मी तुम्हांला सांगणार आहे. लस सापडली तेव्हा रोगाचे पूर्वी लावलेले अर्थ चुकीचे ठरले होते, काही चांगली माणसे प्राणाला मुकली होती, आणि लस सापडल्यावरही एक मोठा घोटाळा व्हायचा होता. ते सगळे सांगितल्याशिवाय या माणसाच्या कामाची किंमत कळणार नाही.

आधी रोग काय तो समजून घेऊ. डास चावल्यानंतर तीन ते सहा दिवसांत एकदम ताप भरतो. डोके आणि कंबर विलक्षण दुखते, ओकाऱ्या होतात. तीन-चार दिवसांनी ताप उतरतो आणि घरच्यांना वाटते, सुटलो! बहुतेक रोगी खरोखरच सुटतात. पण काहींना एखाद्या दिवसाच्या उताराने पुन्हा ताप येतो. मग यकृत बिघडते, अंग पिवळे होते, मूत्रपिंडे काम सोडतात, आणि पोटात रक्त उतरून काळी ओकारी होते. स्पॅनिश लोकांत या रोगाचे नावच मुळी 'काळी ओकारी' असे पडले होते. या दुसऱ्या अवस्थेला पोहोचलेल्या रोग्यांपैकी जवळजवळ निम्मे दगावतात. १७९३ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ही साथ आली तेव्हा पन्नास हजारांच्या वस्तीत सुमारे पाच हजार माणसे मेली. पनामाचा कालवा खणायला गेलेल्या फ्रेंचांनी काम अर्धवट टाकून दिले, त्याला पैशाच्या गोंधळाइतकाच हा पिवळा ताप आणि मलेरिया कारण झाला.

हा रोग डास पसरवतो ही कल्पना क्यूबातील कार्लोस फिनले या डॉक्टराने १८८१ सालीच मांडली होती. लोकांनी ती हसण्यावारी नेली. १९०० साली अमेरिकन लष्करातील वॉल्टर रीड याच्या मंडळाने क्यूबातच माणसांवर प्रयोग करून फिनले बरोबर होता असे दाखवले. त्या कामात जेसी लाझियर हा तरुण डॉक्टर डासाच्या चाव्याने मेला. पुढे गॉर्गस या अधिकाऱ्याने हवाना शहरातील साठलेले पाणी हटवले, पिंपे झाकायला लावली, आणि शहरातून रोग नाहीसा झाला. रीडच्या मंडळाने आणखी एक गोष्ट दाखवली होती. रोग्याचे रक्तजल, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारे पिवळसर पाणी, ज्याला डॉक्टर लोक सीरम म्हणतात, ते इतक्या बारीक गाळणीतून गाळले की तिच्यातून कोणताही जंतू पार होऊ नये, तरी त्या गाळलेल्या पाण्याने रोग होत होता. याचा अर्थ, रोगाचे कारण जंतूहूनही सूक्ष्म होते. ज्याला आपण आज विषाणू म्हणतो तो हा. पण तो पाहायला साधन नव्हते, वाढवायला जागा नव्हती, आणि डासांचा बंदोबस्त झाल्यामुळे घाईही उरली नव्हती.

आता थायलरकडे वळू. त्याचा जन्म ३० जानेवारी १८९९ रोजी दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया येथे झाला. वडील आर्नल्ड थायलर हे मूळचे स्विस, आणि गुराढोरांच्या रोगांवरील संशोधनात नाव मिळवलेले पशुवैद्य. घरात रोगराईची चर्चा ही जेवणाच्या ताटाबरोबरच वाढली जायची, असे म्हणायला हरकत नाही. मॅक्सने वैद्यकाचे शिक्षण आधी केपटाउनला आणि मग लंडनला घेतले, आणि १९२२ साली त्याला वैद्यकी करण्याचा परवाना मिळाला. पण रोगी तपासत बसण्यात त्याचे मन रमेना. उष्ण देशांतील रोगांचा एक अभ्यासक्रम त्याने लंडनमध्ये केला आणि त्याच वर्षी तो अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या उष्णदेशीय रोगांच्या विभागात दाखल झाला. पुढचे सगळे आयुष्य त्याने अमेरिकेतच काढले.

तिथे सुरुवातीला त्याच्या वाट्याला आलेले काम म्हणजे आवेचा विकार, आपण ज्याला आमांश म्हणतो तो. हा अमीबा नावाच्या एकपेशीय परोपजीवीमुळे होतो. आपल्याकडे ज्याला पावसाळ्यात एकदाही आव पडली नाही असा माणूस विरळा! हे काम काही डोळे दिपवणारे नव्हते, पण त्यातून एक गोष्ट हाताला लागते. ती अशी की माणसाचा रोग समजून घ्यायचा, तर तो ज्याला होईल असा प्राणी आधी शोधावा लागतो. ही खूणगाठ थायलरच्या पुढे फार कामी आली. १९२६-२७ साली हार्वर्डची एक तुकडी लायबेरिया आणि बेल्जियन काँगो या भागांत रोगांची पाहणी करायला गेली, तिच्यातही तो होता. पिवळ्या तापाचे माहेरघर त्याने असे जवळून पाहिले.

त्या दिवसांत पिवळ्या तापाविषयी सगळ्यांत मोठा शब्द हिदेयो नोगुची या जपानी शास्त्रज्ञाचा होता. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत काम करणारा हा माणूस उपदंशावरील संशोधनामुळे जगभर गाजलेला होता. दक्षिण अमेरिकेत इक्वेडोरमध्ये जाऊन त्याने काही रोग्यांच्या रक्तातून मळसूत्रासारखा पिळदार जंतू काढला आणि १९१९ साली जाहीर केले की हेच पिवळ्या तापाचे कारण. त्यावरून लसही तयार होऊ लागली. थायलर आणि त्याचे हार्वर्डमधील वरिष्ठ अँड्र्यू सेलर्ड्स यांनी हा जंतू तपासला आणि त्यांना आढळले की हा काही नवा जंतू नव्हे. 'वाइलचा रोग' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काविळीच्या तापाचा जंतू आणि हा, यांत काही फरक नाही. उंदरांच्या मुतातून पाण्यात येणारा आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरणारा तोच हा रोग, ज्याला मुंबईकर आज 'लेप्टो' म्हणतात. २००५ सालच्या पुरानंतर तर त्याचे नाव घराघरांत पोहोचले. तात्पर्य, नोगुचीने जे रोगी पाहिले ते बहुधा पिवळ्या तापाचे नव्हतेच. कावीळ दोन्हींत होते, एवढ्यावरून गफलत झाली होती.

एवढ्या मोठ्या माणसाला चूक म्हणणारा थायलर त्या वेळी सत्तावीस वर्षांचा होता. पण वाद शब्दांनी मिटायचा नव्हता. खरे कारण हातात यायला हवे होते, आणि ते १९२७ साली आफ्रिकेत आले. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पश्चिम आफ्रिकेतील मंडळाने गोल्डकोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घाना देशात, आसिबी नावाच्या एका तापकरी माणसाचे रक्त घेऊन ते माकडाला टोचले. हे माकड आफ्रिकेतले नव्हते, हे महत्त्वाचे. आफ्रिकेतल्या माकडांना या विषाणूची पिढ्यान् पिढ्या सवय झालेली. त्यांना काही होत नसे. हे माकड होते आपल्या उत्तर हिंदुस्थानातील तांबड्या तोंडाच्या जातीचे, ज्याला शास्त्रज्ञ ऱ्हीसस म्हणतात. त्याच्या रक्तात या रोगाशी ओळखच नव्हती. ते आजारी पडले आणि मेले. ज्या आसिबीचे रक्त घेतले होते, तो मात्र बरा झाला. त्याच्या रक्तातून निघालेला विषाणू आजही 'आसिबी' याच नावाने ओळखला जातो.

या शोधाची किंमत चुकवावी लागली. मंडळातील एड्रियन स्टोक्स हा डॉक्टर सप्टेंबर १९२७ मध्ये लागोस येथे पिवळ्या तापाने मेला. आपला जंतू खरा की खोटा हे पाहायला नोगुची स्वतः आफ्रिकेत गेला; २१ मे १९२८ रोजी आक्रा येथे तोही त्याच रोगाने गेला. त्याच्याबरोबर काम करणारा विल्यम यंग त्यानंतर थोड्याच दिवसांत गेला. नोगुचीची चूक झाली होती हे खरे, पण चूक तपासून पाहण्यासाठी त्याने जिवाची बाजी लावली, हेही विसरता कामा नये.

माकडावर रोग करता आला, हे मोठेच काम झाले. पण माकड महाग, सांभाळायला अवघड, आणि चावरेही. शंभर प्रयोगांना शंभर माकडे कुठून आणायची? थायलरने उंदीर घेतला, प्रयोगशाळेतला पांढरा, लहान, स्वस्त उंदीर. त्याच्या कातडीखाली विषाणू टोचला तर काही होत नसे. थायलरने तो सरळ उंदराच्या मेंदूत टोचला. उंदीर मेले. पण चमत्कारिक गोष्ट अशी की त्यांचे यकृत शाबूत होते. ते मेंदूच्या दाहाने मेले होते. हा पिवळा तापच आहे हे काहींना पटेना. थायलरने १९३० साली हे काम प्रसिद्ध केले, आणि पुढे इतरांनाही तेच आढळले. एका उंदराच्या मेंदूतून दुसऱ्याच्या मेंदूत असा विषाणू फिरवत नेला, तर तो उंदरांच्या मेंदूला अधिकाधिक घातक होत जाई, पण माकडाच्या यकृताला मात्र पूर्वीइतका त्रास देईनासा होई. म्हणजे राहण्याची जागा बदलली की विषाणूचा स्वभाव बदलतो! सगळ्या पुढच्या कामाची किल्ली या एका गोष्टीत होती.

याच सुमारास थायलरला स्वतःला प्रयोगशाळेत पिवळ्या तापाची लागण झाली. त्याचे नशीब चांगले. ताप हलका आला, आणि तो वाचला. एकदा हा रोग होऊन गेला की जन्मभर पुन्हा होत नाही. तेव्हा लस शोधणाऱ्याला स्वतःला लशीची गरज उरली नाही. ती जागा रोगानेच भरून काढली.

१९३० साली तो न्यूयॉर्कला रॉकफेलर प्रतिष्ठानच्या प्रयोगशाळेत गेला. तेथे त्याने उंदरावरच आधारलेली एक सोपी कसोटी बसवली. कोणाही माणसाचे रक्तजल घ्यायचे, त्यात विषाणू मिसळायचा आणि ते मिश्रण उंदराला टोचायचे. उंदीर मेला, तर त्या माणसाच्या रक्तात पिवळ्या तापाविरुद्ध काही नाही. उंदीर जगला, तर त्या माणसाला पूर्वी कधीतरी हा रोग होऊन गेला आहे. मग त्याला स्वतःला तो आठवो अगर न आठवो. म्हणजे साथ येऊन गेल्यावर कित्येक वर्षांनीही तिच्या पाऊलखुणा रक्तात वाचता येऊ लागल्या. या कसोटीवर निरनिराळ्या देशांतील रक्ताचे नमुने तपासून पिवळ्या तापाचा नकाशा तयार झाला. कळले ते असे की आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत लोकांना वाटत होते त्याहून कितीतरी मोठ्या मुलखात हा रोग आहे. जिथे एडिस इजिप्ती डास नाही अशा जंगलांतही तो माकडांमाकडांत, वेगळ्या रानडासांमार्फत, चालू आहे. म्हणजे शहरातली पिंपे झाकून तो जगातून जाणार नव्हता. आणि आशियात? आशियातील नमुन्यांत त्याची खूण मिळाली नाही. आपला देश या रोगापासून मोकळा आहे, हे पुराव्याने कळले ते असे.

जंगलातला रोग डास मारून जात नाही, म्हटल्यावर लस हवीच. उंदराच्या मेंदूतला विषाणू यकृताला सोडत असला तरी मेंदूला धोक्याचा. तो माणसाला निर्धास्तपणे टोचता येईना. थायलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दुसरी वाट धरली. ती समजायला आपल्या घरातलेच उदाहरण घेऊ. आपण दुधाला विरजण लावतो. आजच्या दह्यातले चमचाभर उद्याच्या दुधात, उद्याचे परवाच्या दुधात, असे महिनोन् महिने चालते. दही तेच म्हणायचे, पण दूध बदलले, हवा बदलली, की हळूहळू त्याची चव पालटते. थायलरने आसिबीच्या विषाणूचे असेच विरजण लावले. दुधाच्या जागी काचेच्या चंबूत बारीक केलेल्या जिवंत ऊती होत्या. आधी उंदराच्या गर्भाच्या, मग कोंबडीच्या अंड्यातील गर्भाच्या, आणि शेवटी मेंदू आणि मज्जारज्जू काढून टाकलेल्या कोंबडीच्या गर्भाच्या. दर काही दिवसांनी जुन्यातले थोडे नव्यात. अशा निरनिराळ्या मालिका एकाच वेळी चालू होत्या. ज्या मालिकेतून मज्जातंतूंचा भाग काढून टाकला होता तिचे नाव '१७ डी'.

हे काम किती कंटाळवाणे असेल याची कल्पना करा. विषाणू दिसत नाही. तो बदलला की नाही हे उंदरांना आणि माकडांना टोचूनच कळायचे. आणि मग १७ डी मालिकेत ८९ व्या आणि ११४ व्या पिढीच्या दरम्यान कुठेतरी तो बदल झाला. माकडाच्या मेंदूत टोचला तरी आता माकड सहसा मरेना, यकृतालाही इजा होईना. आणि तरीही त्या माकडाच्या अंगात रोगाशी लढण्याची ताकद मात्र भरपूर तयार होई. नेमका हवा होता तसा विषाणू! जिवंत, पण सौम्य.

हा बदल नक्की कशाने झाला? मज्जातंतू काढल्यामुळे झाला म्हणावे, तर तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसा बदल घडला नाही. तो योगायोग होता. पुढे १९८७ साली शास्त्रज्ञांनी मूळ आसिबी विषाणू आणि १७ डी यांची जनुकीय लिपी अक्षर न् अक्षर ताडून पाहिली. सुमारे अकरा हजार अक्षरांत फक्त ६८ ठिकाणी फरक सापडला. तेवढ्या फरकाने घातक विषाणूचा रक्षक झाला होता. पण योगायोग म्हणून थायलरचे श्रेय कमी होत नाही. शंभराहून अधिक पिढ्या निगुतीने सांभाळणारा आणि प्रत्येक टप्प्यावर तपासून पाहणारा माणूस नसता, तर तो योगायोग नुसताच वाहून गेला असता.

१९३७ साली थायलर आणि ह्यू स्मिथ यांनी हे काम प्रसिद्ध केले. त्याच वर्षी स्मिथ ही लस घेऊन ब्राझीलला गेला, आणि १९३८ अखेर तेथे दहा लाखांहून अधिक लोकांना ती टोचली गेली. १९४० ते १९४७ या काळात रॉकफेलर प्रतिष्ठानने लशीच्या दोन कोटी ऐंशी लाखांहून अधिक मात्रा तयार केल्या.

आता तो घोटाळा. ब्राझीलमध्ये एकदा लशीच्या काही तुकड्या टोचल्यावर लोकांना मेंदूचा दाह झाला. शोध घेतला तेव्हा कळले की निरनिराळ्या ठिकाणी विरजणावर विरजण लावत गेल्यामुळे विषाणू पुन्हा आपली चव बदलू लागला होता. त्यावर उपाय काढला तो आपल्या घरातली शहाणी आजीही काढील असाच. मूळ चांगले विरजण भरपूर करून, गोठवून जपून ठेवायचे. लस दर वेळी त्यातूनच करायची, पुढच्या पुढच्या विरजणातून नाही. ही 'बीजसाठ्या'ची पद्धत पुढे दुसऱ्या लशींनीही उचलली.

दुसरा घोटाळा याहून मोठा. लस टिकावी म्हणून तिच्यात माणसाचे रक्तजल मिसळत असत. १९४२ साली अमेरिकन सैन्यात ही लस टोचलेल्या शिपायांना कावीळ होऊ लागली. सुमारे पन्नास हजार जणांना इस्पितळात ठेवावे लागले. आधी वाटले, लशीतला पिवळ्या तापाचाच विषाणू उलटला. पण तसे नव्हते. रक्तजल देणाऱ्यांपैकी काहींच्या रक्तात दुसऱ्याच एका काविळीचा विषाणू लपला होता; आज आपण त्याला हेपटायटिस बी म्हणतो. ब्राझीलमध्ये अशी कावीळ आधीच दिसली होती आणि १९४० साली तेथे रक्तजल वापरणे बंदही केले होते. ती सूचना अमेरिकेत वेळेवर मनावर घेतली गेली नाही. मग रक्तजल काढून टाकले, आणि कावीळ थांबली. लोकांच्या भल्यासाठी केलेल्या कामातही एक पायरी न तपासता राहिली, तर केवढा अनर्थ होतो, हे यावरून दिसते. माझ्या मते थायलरच्या हकिकतीतला हा भाग यशाच्या भागाइतकाच सांगण्यासारखा आहे.

१९५१ साली थायलरला वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूवरच्या लशीला मिळालेले ते पहिलेच. पिवळ्या तापाखेरीज त्याने आणखी एक काम केले होते. आपल्या प्रयोगशाळेतल्या उंदरांना आपोआप होणारा एक लकवा त्याने १९३० नंतरच्या वर्षांत ओळखला. तो पोलिओच्या गोत्रातल्या एका विषाणूमुळे होतो हे दाखवले. तो विषाणू आज त्याच्याच नावाने ओळखला जातो, आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जातंतूंच्या रोगाच्या अभ्यासात अजूनही वापरला जातो. १९६४ साली तो येल विद्यापीठात प्राध्यापक झाला. ११ ऑगस्ट १९७२ रोजी न्यू हेवन येथे त्याचे निधन झाले.

आता आपल्या घराकडे येऊ. डासांनी आणि गोचिडांनी पसरणारे विषाणू जगात आणखी किती आहेत, हे शोधण्यासाठी रॉकफेलर प्रतिष्ठानने निरनिराळ्या देशांत प्रयोगशाळा काढल्या, आणि न्यूयॉर्कची थायलरची प्रयोगशाळा त्यांचे केंद्र झाली. त्यांपैकी एक पुण्यात, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या जोडीने, १९५२ साली निघाली. तिचे नाव 'व्हायरस रिसर्च सेंटर'. १९७८ पासून तिला राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणतात. कोविडच्या काळात तिचे नाव तुम्ही रोज ऐकलेत.

१९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात, वानरे आणि माकडे मरून पडू लागली, आणि जंगलात जाणारी माणसे तापाने फणफणू लागली. जंगल, माकडे, ताप! ज्यांना पिवळा ताप माहीत होता त्यांच्या काळजाचा ठोका चुकला. तो उतारू आला की काय? पुण्याची माणसे तेथे धावली. रोग्यांच्या आणि माकडांच्या रक्तातून विषाणू वेगळा काढायचा तर तो उंदरांच्या मेंदूत टोचायचा, हीच थायलरने घालून दिलेली वाट त्यांनी धरली. सुदैवाने तो पिवळा ताप नव्हता. पिवळ्या तापाच्याच कुळातला, पण गोचिडांमार्फत पसरणारा हा वेगळाच विषाणू होता. त्याच रोगाला आपण आज 'माकडताप' म्हणतो. २०१५ पासून गोव्यात सत्तरीच्या बाजूला आणि २०१६ पासून सिंधुदुर्गात दोडामार्गाच्या बाजूला त्याचे रोगी सापडत आले आहेत. काजूच्या बागेत आणि रानात जाणाऱ्या आपल्या माणसांना तो चांगलाच ठाऊक आहे.

पिवळा ताप आशियात का आला नाही, यावर शास्त्रज्ञांची अनेक मते आहेत. कोणी म्हणतात, डेंग्यू होऊन गेलेल्या लोकांच्या रक्तात थोडा अडसर तयार झालेला असतो. कोणी म्हणतात, आपल्याकडचा डास तितकासा पटाईत नाही. कोणी म्हणतात, आतापर्यंत नशीब. पण नशिबावर किती विसंबायचे? २०१६ साली अंगोलातील साथीच्या वेळी तिथून चीनला परतलेल्या अकरा माणसांना हा रोग झालेला आढळला. विमान आठ-दहा तासांत पोहोचते, आणि रोग अंगात मुरायला तीन ते सहा दिवस लागतात. त्याच साथीत लशीचा तुटवडा पडला आणि काँगोच्या राजधानीत एका मात्रेच्या पाच मात्रा करून लोकांना टोचाव्या लागल्या. कारण ही लस आजही कोंबडीच्या अंड्यांत, त्याच १७ डी विरजणापासून, जगातल्या मोजक्याच ठिकाणी तयार होते. एका टोचणीने बहुतेकांना जन्मभराचे संरक्षण मिळते; म्हणूनच पूर्वी दहा वर्षे चालणारे ते पिवळे पुस्तक २०१६ पासून जन्मभर चालते. क्वचित प्रसंगी, विशेषतः साठीनंतर पहिल्यांदाच टोचून घेणाऱ्याला, लशीचा गंभीर त्रास होऊ शकतो. तेव्हा वय, अंड्याची अॅलर्जी, इतर दुखणी, हे सगळे डॉक्टरांना सांगूनच ती टोचून घ्यावी.

तर वाचकहो, तुमच्या ओळखीचा कोणी आफ्रिकेला निघाला आणि 'ही टोचणीची कटकट कशाला' म्हणून कुरकुरू लागला, तर त्याला आसिबीची, नोगुचीची आणि थायलरच्या उंदरांची हकिकत सांगा. आणि तो परत येईपर्यंत आपण आपले काम करू. गच्चीवरच्या पिंपाला झाकण आहे का ते पाहू. कुंडीखालची बशी आठवड्यातून एकदा घासून कोरडी करू. लस दूरदेशी तयार होते, पण डासाचा बंदोबस्त आपल्या घरातच करायचा आहे. आणि त्याने डेंग्यूही आवरतो, हा फायदा तर आजचा आज पदरात पडतो.